एक इंच तीन सूत

यझदी मधल्या स्टँडवर उभी आहे,
मागचं चाक काढलेलं,
भद्रकालीत, इक्राम मिस्त्रीच्या दुकानापुढे.
पलीकडून तांबटांचे ठोके येतात
आणि मिस्त्री त्या ठोक्यांच्या मधल्या जागेत बोलतो.

जुनं स्प्रॉकेट त्याने माझ्या तळहातावर ठेवलं.
दात सगळे एका अंगाला कललेले,
वाऱ्यात सापडलेल्या बाजरीसारखे.
"अठ्ठ्याऐंशीचं आहे. कंपनीचं.
मेहनती होतं," म्हणाला,
दहाव्याला आल्यासारखा.

मग वर्तमानपत्रावर तीन नवी मांडली:
सोळा, सतरा, अठरा.
"आधी जायचं कुठं ते बोला.
हायवेला असाल तर अठरा, घोटीपर्यंत शांत पळेल.
पेठकडे असाल तर सोळा.
घाट चढेल, पण सपाटीला नुसती ओरडेल."

मी सातपूरला गेज लावून माल तपासतो.
केसाच्या दहाव्या हिश्शाला ट्रे परत पाठवतो.
इथे एका दाताचा निर्णय होईना.

गाडी रोझलिन मावशीची.
पेठला नर्स होती.
लशींचा डबा मागे आवळून
सावळ घाटातून एकटी जायची,
पदर खोचून,
आणि पोरं रस्त्यावर येऊन ओरडायची, सुई आली, सुई आली.
आता म्हणते, एकदा जाऊन येऊ.
चालवणार मी. ती मागे.
गुडघे आहेत अजून,
पण किक मारण्याइतके नाहीत.

शॉकअप दोन जोड्या निघाल्या.
एक जुन्या घाटाची, क्रोमच्या टोपीची,
आत स्प्रिंग कशी आहे ते कुणालाच दिसत नाही.
दुसरी नवी, पिवळ्या स्प्रिंगची, बाजूला गॅसची नळी,
लग्नात गॉगल लावून आलेल्या मुलासारखी.
शिवाय अर्धा इंच उंच.
"उंच लावली तर मागून टाचा वर होतील गाडीच्या.
मावशी चढणार कशा?"
ते मी धरलंच नव्हतं.

"वजन किती त्यांचं?"

मी शरणपूरला फोन लावला.
पलीकडे कुकरची शिट्टी, मग मावशी:
"वजन मी बाळांची करत आले.
झोळीत घालून, काट्याला टांगून.
माझं विचारायचं नाही."
आणि फोन ठेवला.

मिस्त्री हसला नाही.
सतराचं उचलून पुसलं.
"हे घ्या. विषम आहे.
एक दात त्याच त्या कडीला रोज भेटत नाही,
फिरत फिरत सगळ्यांना भेटतो.
झीज वाटून जाते."
तांबट थांबले होते तेवढ्यात,
म्हणून ते वाक्य नको इतकं मोठं ऐकू आलं.

शनिवारी मावशी रिक्षातून उतरली.
क्रोमची जोडी बसवून झाली होती, पाचातल्या दुसऱ्या खाचेवर.
आधी तिने चेन बोटाने वरखाली करून पाहिली,
"ढिली आहे," म्हणाली,
आणि ढिली होती.
मग मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून बसली,
पर्स मांडीवर,
पाय फूटरेस्टवर न बघता, अचूक.

मिस्त्री गुडघ्यावर बसून पट्टी लावत होता.
स्प्रिंग खाली गेली, थोडी परत आली, थांबली.
मी कानामागची पेन्सिल काढली.
"किती?"
"एक इंच तीन सूत."

मावशी वर बघत होती, पत्र्याकडे.
काट्याला लटकलेलं बाळ तसंच बघतं म्हणे,
हलत नाही,
आकडा होईपर्यंत.

"चालेल?" तिने विचारलं.
मिस्त्री उठला, हात पुसले, एक खाच वाढवली.
"आता चालेल.
येताना पेठचे आंबे आणणार असाल
तर अजून एक वाढवतो."